गुऱ्हाळाचा काळा धूर आणि माझी तीन पोती

लोक प्रवासाहून येताना शाल आणतात, लोणची आणतात, देवाचा अंगारा आणतात. मी बारामती-इंदापूरकडून तीन पोती प्लॅस्टिक आणलं. हे लिहिताना ती पोती माझ्या कोल्हापुरातल्या फ्लॅटच्या गॅलरीत उभी आहेत आणि शेजारच्या वहिनी दिवसाआड दारात येऊन "अजून आहेच का ते?" असं विचारून जातात. आहे. कुठे टाकायचं ते सांगा, आत्ता टाकते.

मी तंत्रनिकेतनात आयुष्यभर पॉलिमर शिकवले. प्लॅस्टिक तापवल्यावर त्याचं काय होतं हे सांगणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा होता. म्हणूनच वैशाखात माझ्या थोरल्या बहिणीचा, वत्सलाक्काचा, वरकुट्याहून फोन आला. अक्का लग्न होऊन इंदापूर तालुक्यात गेली त्याला इतकी वर्षं झाली की तिची भाषासुद्धा आता तिकडची झाली आहे. तिची सून रेश्मा सातव्या महिन्यात होती. नवरा, म्हणजे माझा भाचा, ट्रकवर, कायम परराज्यात. आणि घराला लागून गुऱ्हाळ.

"शालन, पोरीला धूर सोसंना," अक्का म्हणाली. "डाक्टर म्हणतोय धुरापासनं लांब ठेवा. कुठं लांब ठिवू? रानात बांधू का तिला? गुऱ्हाळात प्लॅस्टिक जाळत्यात. तुजा तर त्यातच जलम गेला. तू येऊन सांग त्यांला, तुजं ऐकत्याल."

माझं कोण ऐकतंय! तीस-तीस पोरांच्या वर्गात माझं कधी कुणी ऐकलं नाही. पण अक्कानं आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं होतं. मी गाडीत पाण्याच्या बाटल्या टाकल्या, दोन साड्या घेतल्या आणि निघाले.

बारामती

साताऱ्याच्या पुढे फलटणमार्गे बारामतीत शिरलं की रस्ता एकदम इस्त्री केल्यासारखा होतो. दुभाजकावर फुलझाडं, चौकाचौकात कारंजी, झाडांना चुन्याचे पट्टे. आमच्या कोल्हापुरात खड्डा चुकवण्यात अर्धं आयुष्य जातं, त्यामुळे मला असल्या रस्त्यावर गाडी चालवताना उगीचच संशय येतो. एवढं स्वच्छ गाव कचरा ठेवतं तरी कुठे, हा तो संशय. त्याचं उत्तर दुसऱ्याच दिवशी मिळालं.

बारामतीला थांबण्याला कारण होतं. माझा एक जुना विद्यार्थी, प्रशांत, तिथे औद्योगिक वसाहतीच्या कडेला प्लॅस्टिकपासून तेल काढतो. माझा बेत साधा होता. गुऱ्हाळवाल्याकडे प्लॅस्टिक आहे, प्रशांतला प्लॅस्टिक हवं आहे. दोघांची गाठ घालून द्यायची, गुऱ्हाळवाल्यानं पुन्हा रस काढून उरलेलं उसाचं चिपाड जाळायचं, रेश्मानं मोकळा श्वास घ्यायचा. फलटण येईपर्यंत मी स्वतःवर फारच खूश झाले होते.

प्रशांतनं मला खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला आणि मग पोरासारखा उड्या मारत शेड दाखवायला निघाला. मधोमध आडवा लोखंडी पिंप, खोलीएवढा. आत दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा, शेतात वाफ्यांवर अंथरतात तो मल्चिंगचा कागद ठासून भरायचा, झाकण घट्ट आवळायचं आणि खालून आच द्यायची. आत हवा नाही, म्हणून प्लॅस्टिक पेटत नाही. ते आधी पाघळतं, मग उकळतं, मग तुटतं.

हे तुटणं मी वर्गात कसं शिकवायची ते सांगते, कारण पुढचा माझा संताप त्याशिवाय समजायचा नाही. पॉलिथिन म्हणजे एक अतोनात लांब माळ. चारशे अंशांच्या पुढे नेली की ती कुठेही तुटते. लांब तुकडा पडला की मेण, मध्यम पडला की तेल, लहान पडला की गॅस. थर्माकोल निराळा. त्याची माळ टोकाकडून स्वेटरसारखी उसवत जाते आणि ज्यापासून तो बनला होता बहुतांशी तेच परत हातात येतं. बाटल्यांच्या प्लॅस्टिकचं तेल धड निघत नाही, त्याची आम्लं नळीत गोठून बसतात. आणि पीव्हीसी, म्हणजे आपले पाण्याचे पाइप, रेक्झिन, स्वस्तातल्या चपला, हे सगळ्यांत वाईट खोडीचं. त्याची माळ तुटण्याच्या पुष्कळ आधी, तीनशे अंशांच्या आतच, तिच्या अंगावरचं क्लोरिन सुटून येतं आणि त्याचं हायड्रोक्लोरिक आम्ल होतं. तेच ते, संडास घासायला वापरतो ते. मागे उरतो काळा कोळसा. हवेत अर्धवट जळलं तर त्यातून डायॉक्सिनं निघतात. त्यांच्याविषयी मी वर्गात बोलायची तेव्हा मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प बसायची.

प्रशांतला हे सगळं माहीत होतं. मीच शिकवलं होतं. त्याच्याकडे चार बायका बसून प्लॅस्टिक निवडत होत्या, तांदूळ निवडावेत तशा. पॉलिथिन पुढे, पाइप आणि रेक्झिन मागे.

"मॅडम, पीव्हीसीचा एक कणसुद्धा आत जाऊ देत नाही," तो अभिमानानं म्हणाला. "एकदा गेलं होतं. ॲसिडनं पिंपाला आतून भोकं पाडली. नवा पत्रा मारायला लागला."

शेडच्या मागे त्या निवडून काढलेल्या मालाचा ढीग होता. राखाडी पाइपांचे तुकडे, चपलांच्या कारखान्यातलं कातरण, आणि हिरव्या रेक्झिनच्या गुंडाळ्या, त्यावर मोठी मोठी पांढरी फुलं छापलेली. कुणाच्या तरी सोफ्यासाठी बनलेलं आणि छपाई बिघडली म्हणून टाकून दिलेलं असणार. एवढी कुरूप फुलं मी जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे ती डोक्यात बसली.

"हे कुठे जातं?" मी विचारलं.

"भंगारवाला नेतो."

"तो कुठे नेतो?"

"ते तो बघतो, मॅडम. आपल्याकडून गेलं ना, झालं." आणि त्यानं माझ्यापुढे भेळेची प्लेट सरकवली.

वरकुटे

इंदापूरकडे जाताना डाव्या-उजव्या हाताला ऊस, मध्येच डाळिंबाच्या बागा, कुठे ढोबळी मिरचीची शेडनेटं. कालव्याचं पाणी ज्या पट्ट्याला मिळतं तो वैशाखातही हिरवागार असतो आणि त्याच्या पलीकडे एक पाऊल टाकलं की नुसते दगड. वरकुटं जवळ आलं हे मला पाटी वाचून कळलं नाही, धुरानं कळलं. उसाच्या शेंड्यांवर एक काळा सोट उभा होता. चिपाडाचा धूर पांढुरका असतो, त्याला किंचित गोड वास असतो. मी ज्या गावात वाढले तिथे दिवाळीनंतर सगळं शिवार त्या वासानं भरून जायचं. हा धूर डांबरासारखा होता.

अक्का दारातच उभी होती. रेश्मा आत कॉटवर, भिंतीला टेकून. हसली, उठायला गेली आणि खोकली. साधासुधा खोकला नव्हे. एक हात पोटावर धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत खोकायची आणि मग "काही नाही मावशी, ठसका लागला," म्हणायची. पोरगी बारावी शिकलेली, समजूतदार, आणि घरातल्या सगळ्यांना आपल्यामुळे त्रास होतोय या भावनेनं अर्धमेली झालेली. मला आल्या आल्या चीड आली ती याची. धूर दुसऱ्याचा, आणि लाज हिला वाटतेय.

वाळवणाचे दिवस होते. अक्कानं गच्चीवर नेऊन कुरडया दाखवल्या. पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळे ठिपके, मोहरी सांडल्यासारखे.

"रोज पुसती मी त्यास्नी," अक्का म्हणाली. "जुन्या साड्या टाकल्या वरनं तरी आतनं येतंय. औंदा कुणाला पाठवल्याच न्हायत. तुलाबी देनार न्हाय."

मी गाडीतून उतरून धुऊन वाळत घातलेली माझी एकुलती एक पांढरी साडी संध्याकाळी काढली तर तिच्यावरही तीच नक्षी. ती साडी आता गाडी पुसायला ठेवली आहे.

रात्रीच्या जेवणाला शेवग्याची आमटी आणि ज्वारीची भाकरी होती. अक्काचे यजमान, ज्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, खाली मान घालून जेवत होते. मी गुऱ्हाळाचा विषय काढला की ते भाकरीचा तुकडा जास्तच बारीक कुस्करायचे. "भावकी हाय," एवढंच एकदा म्हणाले. गुऱ्हाळवाले आबा त्यांचे चुलत भाऊ. ऊसही त्यांनाच जातो.

सकाळी मी आणि अक्का गुऱ्हाळावर गेलो. तात्या नको नको म्हणत मागे आलेच. आबांनी इतकं आगत-स्वागत केलं की भांडायला आलेल्या माणसाची पंचाईत व्हावी. बाज टाकली, वर नवी सतरंजी अंथरली, गरम काकवीचे पेले आले, उसाच्या पानावर ताज्या गुळाचा गोळा आला. काहिलीत रस उकळत होता, गूळ शिजवणारा गुळव्या भेंडीच्या पाण्यानं रसातली मळी वर आणत होता. वरून बघावं तर सगळं आमच्या कोल्हापूरसारखंच. मग मी काहिलीच्या खालच्या अंगाला गेले. चुलवाणाच्या, म्हणजे काहिलीखालच्या भट्टीच्या, तोंडाशी एक माणूस नाकाला फडकं बांधून बसला होता आणि काट्यानं आत काहीतरी ढकलत होता.

हिरवं रेक्झिन. त्यावर पांढरी फुलं.

तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण सहज लिहितो. मला ती गुडघ्याशी कुठे होती आणि मानेशी कुठे होती हे त्या क्षणी सांगता आलं असतं. मी तिथूनच प्रशांतला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं ठेवला.

"प्रशांत, तुझं रेक्झिन इथे वरकुट्याच्या गुऱ्हाळात जळतंय."

तो म्हणाला, "मॅडम, मी भंगारवाल्याला देतो. पुढे तो कुणाला देतो त्यावर माझा काय कंट्रोल? आणि आपण तरी काय करणार, ते रिॲक्टरमध्ये घालता येत नाही. रिॲक्टरला खातं ते."

बघा आता. लोखंडाला सोसत नाही म्हणून जे प्लॅस्टिक शिकलेल्या माणसानं नीट निवडून, वेचून बाजूला काढलं, ते माणसांच्या घराशेजारी उघड्यावर जाळायला पाठवलं. लोखंडाच्या पिंपाची काळजी घेणाऱ्या चार जणी पगारावर. रेश्माच्या फुप्फुसांची काळजी घेणारी एक अक्का, तीही फुकट. मी फोनवर त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. गुळव्यानं मळी काढायची थांबवून ऐकलं एवढं सांगते.

आबा मात्र शांत होते. धोतराचा सोगा झटकत म्हणाले, "ताई, तुमी शिकल्याली मानसं. पर चिपाड वाळंस्तवर जागा लागती, मानसं लागत्यात. हे कसं, टाकलं का भपकन् पेटतं."

"वैशाखात चिपाड वाळत नाही, आबा?"

ते हसले. मागे गाडी लागलेली मला दिसत होती. वाळलेल्या चिपाडाची गाडी, कागदाच्या कारखान्याला निघालेली. चिपाडाला चांगलं गिऱ्हाईक मिळालं, म्हणून चिपाड विकायचं आणि चुलवाणात चपला घालायच्या. हे इतकं सरळ होतं की लपवायचीही गरज त्यांना वाटत नव्हती.

"आन् मी एकटाच जाळतो व्हय?" आबा पुढे म्हणाले. "गाव आणून देतं. इचारा तुमच्या तात्यास्नी."

मी तात्यांकडे पाहिलं. तात्या बाजेच्या सुंभाकडे पाहत होते.

मग ती रीत मला कळली. तशी आमच्याकडेही आहे. गुऱ्हाळावर कुणी रिकाम्या हातानं जात नाही. पूर्वी लोक जाताना पाचटाचा भारा नाहीतर काटक्यांची मोळी न्यायचे, चुलवाणाशी टाकायचे आणि येताना काकवीचं बुडकुलं भरून आणायचे. जळण द्या, काकवी न्या. पैशाचा संबंध नाही, नुसता जिव्हाळा. इथे ती रीत तशीच टिकली होती, फक्त भाऱ्यात काय आहे ते बदललं होतं. कुणी ठिबकच्या फाटक्या नळ्या आणतं, कुणी फुटका पाइप, कुणी मल्चिंगचा कागद. शेतात पडून राहण्यापेक्षा जाईल तिकडे. तात्यांनी मागच्याच महिन्यात जुने पाइप टाकले होते आणि सुनेला डोहाळे लागलेत म्हणून मुद्दाम तांब्याभर काकवी आणली होती.

"तिला आवडती म्हणून आणली," तात्या म्हणाले. दिवसभरात ते एवढंच बोलले. अक्कानं त्यांच्याकडे असं पाहिलं की मलाच तिथून उठून जावंसं वाटलं.

मी आबांना सगळं सांगितलं. क्लोरिन, आम्ल, डायॉक्सिन, पोटातलं बाळ. वर्गात सांगायची त्यापेक्षा सोपं करून आणि दहापट चिडून. त्यांनी मान डोलावत ऐकलं आणि शेवटी मायेनं म्हणाले, "मग पोरीला म्हायेरी न्या की. पैलं बाळातपन, तसंबी तिकडंच जायाचं हाय. दोन महिनं आधी. गुऱ्हाळ काय, माजं चालूच राहनार."

मी काकवीचा पेला तसाच ठेवून उठले. गुऱ्हाळावर पेला भरलेला ठेवून उठणं म्हणजे त्या घराचा अपमान, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच ठेवला.

घरी आलो तर रेश्मानं पिशवी भरली होती. तिनं गच्चीवरून सगळं पाहिलं होतं, आणि ऐकलंही असणार. म्हणाली, "मावशी, मला आईकडं सोडा. भांडून उपेग न्हाय." अक्कानं घाईघाईत तिची ओटी भरली. हिरव्या साडीवरही काळे ठिपके होते. ते झटकताना ते पसरले.

पळसदेव

गाडीत आम्ही दोघीच होतो, मी आणि रेश्मा. हमरस्ता सोडून पळसदेवच्या वाटेला लागलो आणि एका वळणावर उजनीचं पाणी समोर आलं. पाणी बरंच आटलं होतं. जिथे पावसाळ्यात होड्या चालतात तिथे चिखल वाळून त्याच्या खापऱ्या झाल्या होत्या आणि एरवी बुडालेलं जुनं देऊळ शिखरापासून पायापर्यंत उघडं पडलं होतं. रेश्मानं काच खाली करायला सांगितली. वारा पाण्यावरून येत होता, ओलसर, माशांचा वास असलेला. तिनं एक श्वास घेतला, मग आणखी एक, आणि ती खोकली नाही. माझ्याकडे बघून हसली. तिचं खरं हसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, चला, एवढं तरी झालं.

तिची आई अंगणातच होती. आम्हाला बघून धावत आली, लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, डोळ्यांना पाणी लावलं. विहीणबाई बारीक अंगाच्या, तुरुतुरु चालणाऱ्या, एका वाक्यात चार गोष्टी बोलणाऱ्या. त्यांची थोडी बागायत आहे, भेंडी आणि गवार करतात. दुपारी चिलापी माशाचं कालवण आणि भाकरी असं जेवण झालं. आमच्या तांबड्या रश्श्याचा मी कितीही अभिमान धरला तरी ते कालवण मी दोनदा मागून घेतलं. काटे काढताना विहीणबाई मला हसत होत्या.

"कोल्हापूरकरांस्नी काटं न्हाय जमत," त्या म्हणाल्या. "आमचं पोरगंबी तुमच्यापरीस बरं खातंय."

जेवून मी आणि रेश्मा देवळाकडे पाहत ओट्यावर बसलो. ती देवळाचं लहानपणचं काहीतरी सांगत होती, पाणी उतरलं की सगळ्या मुली तिथे खेळायला जायच्या असं काहीसं. सांगता सांगता थांबली. तिनं पदर नाकाला लावला.

मलाही तो वास आला. डोळ्यांना झोंबणारा, घशात खारट-आंबट बसणारा. हा वास मी झोपेतही ओळखेन. पीव्हीसी.

मी घराच्या मागे गेले. परसात नवी न्हाणी बांधली होती, ताजा सिमेंटचा गिलावा, दाराला निळा रंग. बाहेर तांब्याचा बंब, चिंचेनं लख्ख घासलेला. त्याच्या पोटात विहीणबाई वाकून काहीतरी घालत होत्या. राखाडी पाइपाचा वीतभर तुकडा, त्यावर दुधाच्या पिशव्या. शेजारी भिंतीला टेकून तीन पोती उभी, तोंडं सुतळीनं बांधलेली.

"हे काय करताय?" मी ओरडलेच.

त्या दचकून वळल्या. मग हसल्या. "लेकीला न्हायाला पानी तापिवतीया. प्रवासातनं आली. ही न्हाणी तिच्याच बाळातपनाला बांधली, बगा." मग पोत्यांवर हात ठेवून म्हणाल्या, "आन् ह्ये समदं वरीसभर साठिवलंय. लगीन झाल्यापासनं. बाळातनीला दोन टायम कडक पानी लागतं, सव्वा महिना शेक लागतो. लाकूड लई धुरकटतं. ह्ये कसं, झटक्यात पेटतं, बंब लगीच तापतो. शेजारनींनीबी दिलं, म्हनल्या पैलटकरीन हाय, तुला लागंल."

शेक कसा देतात ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बंबातले निखारे शेगडीत काढायचे, त्यावर ओवा आणि शेपा टाकायचा, शेगडी बाजेखाली ठेवायची. बाजेवर बाळंतीण आणि कुशीत बाळ. वरून गोधडी, म्हणजे धूर बाहेर जाऊ नये.

मी आयुष्यात पुष्कळ भांडले आहे. त्या दुपारी मला भांडताही आलं नाही. आबांवर चिडणं सोपं होतं, प्रशांतवर त्याहून सोपं. पण ही बाई वर्षभर एकेक पिशवी धुऊन, वाळवून, घडी करून, आपल्या लेकीसाठी जपून ठेवत होती. तिच्या नातवंडाच्या पहिल्या श्वासाची सगळी तयारी तिनं प्रेमानं करून ठेवली होती. मला रडू आलं आणि त्याचा राग आला म्हणून मी बादली उचलली आणि बंबाच्या जाळावर ओतली.

चर्र आवाज झाला, राख उडाली, ती विहीणबाईंच्या नव्या गिलाव्यावर बसली. लेक माहेरी आली त्या दिवशी तिच्या न्हाणाचा बंब पाणी ओतून विझवला, याहून मोठा अपशकुन त्या घरात कुणी केला नसेल. विहीणबाई हातानं गिलाव्यावरची राख पुसायला लागल्या.

"काय केलं ओ तुमी? माज्या लेकीच्या न्हायाचं…"

रेश्मा पदर नाकाला लावून माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं आईचा राखेनं भरलेला हात धरला. "आई, हाच वास," ती म्हणाली. "तितं ह्योच वास येतो. रोज. ह्याच्यासाठनंच आले मी हितं."

विहीणबाईंनी पोत्यांकडे पाहिलं. मग बंबाकडे. मग खाली बसल्या.

त्या दिवशी रेश्मानं गार पाण्यानं अंघोळ केली. विहीणबाईंनी पाणवठ्याच्या कडेच्या वेड्या बाभळीचे वाळके फाटे आणायला शेजाऱ्याला धाडलं. ती बाभूळ तिथे हवी तेवढी आहे. तिचा धूरही चांगला नव्हे, पण तो लाकडाचा धूर. मी त्यांना म्हटलं, शेगडी बाजेखाली ठेवू नका, दार उघडं ठेवा, शेक नुसता तव्यावर कापड तापवून द्या. त्यांनी "बरं" म्हटलं. माझ्याकडे बघून म्हटलं नाही.

आणि मी तीन पोती गाडीत घातली.

परत

इथून पुढचा प्रवास तुम्ही कुणी केला नसेल. प्लॅस्टिक टाकायला जागा शोधण्याचा.

पळसदेवच्या कचऱ्याच्या गाडीवाल्यानं सांगितलं, "टाका की, गावाबाहेर नेऊन पेटवून देतो." इंदापुरात भंगारवाल्यानं पोतं उघडून पाइप पाहिले आणि म्हणाला, "ह्ये चालंल. गुऱ्हाळाला लागतंयच." कुठल्या गुऱ्हाळाला ते मी विचारलं नाही, पोतं त्याच्या हातातून ओढून घेतलं. बारामतीत प्रशांतच्या दारात गाडी उभी केली. त्यानं दुधाच्या पिशव्या लगेच घेतो म्हणून सांगितलं आणि पाइप निवडून बाजूला ठेवले. "मॅडम, एवढं सोडून," तो म्हणाला. मग मी पिशव्याही दिल्या नाहीत. हा हट्ट होता, मला कळतं. पण त्याच्या शेडच्या मागे हिरव्या रेक्झिनच्या नव्या गुंडाळ्या आल्या होत्या.

म्हणून ती पोती इथे आहेत. ज्या पदार्थाची माळ कुठे तुटते, केव्हा तुटते, तुटताना काय सोडते हे मी आयुष्यभर फळ्यावर काढून दाखवलं, तो पदार्थ ठेवायला या राज्यात मला माझ्या गॅलरीशिवाय जागा सापडली नाही.

रेश्माला मुलगी झाली. अक्कानं फोनवर सांगितलं, दोघी बऱ्या आहेत, खोकला नाही. विहीणबाईंनी शेगडी दाराबाहेरच ठेवली. डिंकाच्या लाडवांसाठी आबांनी तात्यांच्या हाती मोठी ढेप पाठवली होती, पिवळीधमक, वरून कुंकू लावलेली. विहीणबाईंनी ती उंबऱ्याच्या आत घेतली नाही. म्हणाल्या, ह्या गुळाचा धूर माझ्या लेकीनं सहा महिने खाल्ला, आता गूळ कशाला. तात्या ती ढेप घेऊन तसेच एस्टीनं परत आले आणि गुऱ्हाळावर जाऊन, सगळ्या माणसांसमोर, आबांच्या बाजेवर ठेवून आले. तात्यांनी! ज्यांनी भाकरीचा तुकडा कुस्करण्यापलीकडे कधी काही केलं नव्हतं. आबांनी बोलणं टाकलंय. भावकीत दोन तट पडलेत. चुलवाण अजून पेटलेलंच आहे.

तुम्ही त्या बाजूला जरूर जा. उजनीचं पाणी उतरलेलं असलं तर देऊळ बघा, चिलापीचं कालवण दोनदा मागून खा. गुऱ्हाळ दिसलं, आणि तुम्हाला कुणी मायेनं बाजेवर बसवून काकवीचा पेला दिला, तर पिण्याआधी चार पावलं खाली उतरून चुलवाणाच्या तोंडाशी काय पडलंय ते बघून या.

काल अक्काचा पुन्हा फोन आला. मी गॅलरीत उभी राहून घेतला. नातीचं जावळ दाट आहे म्हणाली, डोळे आपल्या आईसारखे आहेत म्हणाली.

"शालन, सव्वा महिना होत आला. बारसं झालं का आनावं लागंल पोरीला घरी. पाळना आनलाय तात्यानी, कॉटपाशी टांगलाय." आणि मग तिनं आवाज खाली आणून विचारलं, "खिडकी लावून घेतली तर भागंल न्हवं?"

मी पोत्यांकडे पाहत होते. मी तिला म्हटलं, "नाही, अक्का. भागणार नाही."

"मग कुठं ठिवू तिला?" अक्का म्हणाली.